अनोळखी नाण्याची किंमत नंतर, आधी त्याचे वजन

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

शहरातल्या एका कुटुंबाच्या देवघरात मिळालेल्या अनोळखी नाण्याची बातमी आपल्या नागपूर आवृत्तीत गेल्या आठवड्यात छायाचित्रासह छापून आली. तांब्याचे नाणे, परकी अक्षरे, किंमत लाखांच्या घरात, असा मजकूर होता. नाण्याची एकच बाजू छापली होती. वजन नव्हते, व्यास नव्हता, आणि लिंबाने घासून ते लखलखीत केल्याचे मात्र कौतुकाने लिहिले होते. वाचून जीव हळहळला, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. ते नाणे कोणाचे, हे एका बाजूच्या चित्रावरून मला सांगता येणार नाही आणि कोणालाही येणार नाही. पण देवघरातलेच एक अनोळखी नाणे आमच्याकडेही आहे. त्याची ओळख पटवताना जे कळले ते आपल्या वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

मी राज्याच्या वैधमापन खात्यात, लोक ज्याला वजनमापे खाते म्हणतात तिथे, निरीक्षक होतो. इतवारीच्या सराफ्यातल्या नाजूक काट्यांपासून कळमन्याच्या धरमकाट्यांपर्यंत वजने तपासण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे कोणतीही वस्तू हातात आली की आधी ती तोलावी, मग तिच्याबद्दल बोलावे, ही सवय अंगात मुरली आहे. नाण्यांच्या बाबतीत ही सवय फार कामाची ठरते.

माझे आजोळ नागपूरच्या महाल भागातले. आजीच्या देवघरात, ताम्हणात शाळुंकेशेजारी एक जाडसर, हिरवट-तपकिरी नाणे असे. त्यावर मधोमध त्रिशूळ. आजी त्याला 'महादेवाचा पैसा' म्हणे. दर सोमवारी त्याला पाणी आणि गंध, महाशिवरात्रीला बेल. आमच्याकडची माणसे पचमढीला चौरागडावर खांद्यावर त्रिशूळ वाहून नेतात. माझे मोठे मामा फौजेत होते आणि काही काळ पचमढीच्या छावणीतही होते. त्यामुळे पोराने आणलेला हा पैसा महादेवाच्या डोंगरावरचाच, यात घरात कोणाला शंका नव्हती. दिवाळीत तांब्यापितळेची सगळी भांडी चिंचेने घासायला निघत, पण या पैशाला हात लावू देत नसत. "याले घासू नोको बापा, देवाचं हाय थे," असे आजी बजावून सांगे. तिच्या त्या सोवळ्याने नाणे वाचले. वर्षानुवर्षांचे कुंकू नाण्याच्या खोलगट भागात जाऊन बसले होते, आणि त्या लाल रेषांमुळेच त्रिशूळाच्या दांड्याच्या दोन्ही अंगांना अक्षरे आहेत हे मला पहिल्यांदा दिसले.

आजी गेली, मामा गेले, आणि नाणे आईकडून माझ्याकडे आले. मग विचारपूस सुरू केली. कोणी म्हणाले गोंड राजांचे, कोणी म्हणाले रघूजी भोसल्यांचे. भोसल्यांच्या नाण्यांवर मुघल बादशहाच्या नावाने फारसी मजकूर असतो, तो इथे नव्हता. मराठाकाळातल्या काही टांकसाळींनी त्रिशूळाची खूण वापरली हे खरे, पण ती फारसी अक्षरांच्या मधे बारीकशी असते. इथे त्रिशूळानेच सगळी बाजू व्यापली होती. एका जाणकार गृहस्थांनी मात्र विचार करण्यासारखी सूचना केली: ग्रीक अक्षरे आणि त्रिशूळ एकत्र, म्हणजे कुषाण असू शकेल. कुषाण राजा विम कडफिसेसच्या नाण्यांवर खरोखरच एका बाजूला ग्रीक लेख आणि दुसऱ्या बाजूला त्रिशूळधारी शिव, मागे नंदी असतो. पण त्याच्या मोठ्या तांब्याच्या नाण्याचे वजन सुमारे १७ ग्रॅम, आणि शिवाच्या बाजूला खरोष्ठी लिपीतला लेख असतो. आमच्या नाण्यावर देवाची उभी आकृती नाही, नंदी नाही, खरोष्ठीचा मागमूस नाही.

मग काटा काढला. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर आणि पंखा दोन्ही बंद करून, काट्याची पातळी पाहून, प्रमाणित वजनांनी तो आधी तपासून घेतला आणि नाणे तोलले: ६.८४ ग्रॅम. व्हर्नियर कॅलिपरने व्यास घेतला: सर्वांत रुंद जागी २०.५ मिलिमीटर, अरुंद जागी १९.६. पूर्ण गोल नाही, कारण ते यंत्रावरचे नाही. जुन्या टांकसाळीत धातूची चकती गरम करून दोन ठशांच्या मधे ठेवत आणि वरून हातोडा मारत. अशा चकत्या बरेचदा साच्यात एका ओळीत, एकमेकींना जोडलेल्या ओतत आणि मग तोडून वेगळ्या करत. आमच्या नाण्याच्या कडेवर समोरासमोर दोन ठिकाणी ती तोडल्याची खूण बोटाला लागते.

इथे माझ्या खात्यातल्या मंडळींना आवडेल अशी एक गोष्ट सांगतो. प्राचीन ग्रीकांची चांदीची नाणी वजनाला काटेकोर असत. अथेन्सच्या मानाचा द्राख्म म्हणजे सुमारे ४.३ ग्रॅम, चार द्राख्मांचे नाणे सुमारे १७ ग्रॅम. चांदीचे नाणे स्वतःच्या धातूच्या मोलाने चाले, म्हणून त्यात घट खपत नसे. काशाच्या नाण्याचे तसे नव्हते. ते सुटे पैसे होते, भाजी-मासळीच्या बाजारासाठी. अथेन्समध्ये आठ खाल्कोसांचा एक ओबोल आणि सहा ओबोलांचा एक द्राख्म धरत. या लहान नाण्याची किंमत राज्याच्या शब्दावर ठरे, धातूवर नव्हे. म्हणून टांकसाळ एका ठराविक धातूच्या लगडीतून अमुक इतकी नाणी पाडायची एवढेच पाही, एकेक नाणे तोलत बसत नसे. परिणाम असा की एकाच प्रकारच्या काशाच्या नाण्यांत एक ५ ग्रॅमचे तर दुसरे ८ ग्रॅमचे निघते. त्यामुळे वजनाने अशा नाण्याची ओळख सिद्ध होत नाही. मात्र कोणती नाणी ते असूच शकत नाही, हे वजन ठामपणे सांगते, आणि अर्धी यादी तिथेच गळते.

दुसरी परीक्षा खोटेपणाची. ओतीव नकलेत पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे असतात, चित्राच्या कडा बोथट असतात आणि काठावर दोन साचे जुळल्याची सलग रेघ फिरते. दहापट भिंगाखाली यातले काही दिसले नाही. मग घनता काढली. नाणे एकेरी बारीक नायलॉनच्या धाग्याला बांधून, बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात पूर्ण बुडवून तोलले: ६.०३ ग्रॅम. हवेतले ६.८४, म्हणजे घट ०.८१ ग्रॅम, आणि घनता पाण्याच्या सुमारे ८.४ पट. एवढ्याशा नाण्यात काट्याच्या शेवटच्या आकड्यानेही उत्तर इकडचे तिकडे होते, म्हणून मी ८.३ ते ८.५ एवढेच म्हणतो. जुन्या, थोड्याफार गंजलेल्या काशाला हा आकडा शोभतो. पितळही याच्या जवळपास येते, तेव्हा यावरून कासे सिद्ध होत नाही. पण जस्ताच्या मिश्रणातून ओतलेल्या पर्यटकी नकला ७ च्या आसपास राहतात आणि शिशाची भर असलेल्या खूप वर जातात. त्या दोन्ही शक्यता गेल्या.

आता चित्रे. त्रिशूळाच्या दोन्ही बाजूंना दोन मासे आहेत असे घरातले सगळे म्हणत. भिंगातून पाहिले तर पाठीची कमान, पुढे निघालेली चोच, वर पर. ते डॉल्फिन आहेत. त्रिशूळाचा दांडाही साधा नाही, त्याला वेलबुट्टीसारखे वळसे आहेत. दुसऱ्या बाजूला, जी आजीच्या ताम्हणात कायम खाली असे, एका दाढीवाल्या पुरुषाचे डोके आहे, तोंड डावीकडे, केसांभोवती पट्टी बांधलेली. त्रिशूळ आणि डॉल्फिन हे दोन्ही ज्याचे, तो देव ग्रीकांचा पोसायडन. समुद्राचा आणि भूकंपाचा स्वामी.

पण पोसायडनचा त्रिशूळ अनेकांनी नाण्यावर घातला. आपल्या उपखंडाच्या दारात, बॅक्ट्रियात राज्य करणाऱ्या पहिल्या डेमेट्रियसच्या काशाच्या नाण्यावर ढाल आणि मागे त्रिशूळ आहे. त्याच प्रदेशातल्या अँटिमॅकसने चांदीवर उभा पोसायडन घेतला. दक्षिण इटलीतल्या पोसायडोनिया नगराने तर देवाचे नावच घेतले होते. तेव्हा शेवटचा निर्णय अक्षरांवर येऊन ठरला. (आणि इथे कुंकवाने मदत केली हे पुन्हा सांगावेसे वाटते.) दांड्याच्या डावीकडे इंग्रजी पीसारखे दिसणारे अक्षर, जे ग्रीकात 'र' आहे, आणि त्याच्या आधी एप्सिलॉनचे, म्हणजे ग्रीक 'ए'चे, दोन आडवे दाते. उजवीकडे झिजलेली, घोड्याच्या नालेसारखी ओमेगाची, म्हणजे लांब 'ओ'ची, कमान, मग 'न', मग 'ओ', आणि काठावर अर्धवट सिग्मा, म्हणजे 'स'.

ग्रीक नाण्यांवरचे लेख बहुतेक वेळा षष्ठीत असतात: अमक्याचे, तमक्यांचे. नगराच्या नावाने पाडलेल्या नाण्यावर तिथल्या नागरिकांचे अनेकवचन येते आणि ते 'ओन'ने संपते. सिराक्यूजची अशी नाणी 'सिराकोसिओन' म्हणतात, म्हणजे सिराक्यूजकरांचे. आमच्या नाण्याचा शेवट 'ओनोस' असा, म्हणजे एका माणसाचे. त्याच्या आधी 'बासिलेओस', म्हणजे राजाचे, ही पदवी नाही. डेमेट्रियस आणि त्याचे वारस ती पदवी सोडत नाहीत, त्यामुळे बॅक्ट्रिया बाद. र, मग ओनोस, त्याआधी ए: हे नाव 'हिएरोनोस', हिएरॉनचे. सिसिली बेटावरच्या सिराक्यूजचा दुसरा हिएरॉन. पोसायडनचे डोके आणि डॉल्फिनांमधला नक्षीदार त्रिशूळ हा त्याच्या काशाच्या नाण्यांचा अगदी ठरलेला प्रकार. भाला घेतलेल्या घोडेस्वाराची त्याची नाणीही पुष्कळ आहेत. जगातल्या मोठ्या संग्रहालयांनी आपल्या नाण्यांची छायाचित्रे आता मोफत खुली केली आहेत. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा, १८५८ साली स्थापन झालेल्या संस्थेचा, संग्रह घरबसल्या पाहता येतो. तिथल्या त्रिशूळाच्या नाण्यांशेजारी आमचे ठेवून पाहिले. वळसे जुळले, डॉल्फिनांची तोंडे जुळली, अक्षरांची विभागणी जुळली.

हिएरॉन कोण होता हे वाचले तेव्हा मी खुर्चीतून उठून घरभर फिरलो. आर्किमिडीजला सोन्याचा मुकुट देऊन त्यात चांदीची भेसळ आहे का ते तपास, असे ज्या राजाने सांगितल्याची कथा आपण शाळेत शिकतो, तोच हा हिएरॉन. ही कथा रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रूव्हियसने लिहून ठेवली. सराफाची भेसळ पकडणे हे माझे आयुष्यभराचे काम, आणि ज्या नाण्याला मी धाग्याने बांधून पाण्यात सोडले ते त्याच राजाच्या टांकसाळीतले निघाले. हा मला फार मोठा आनंद वाटतो आणि तो मी लपवणार नाही.

हा हिएरॉन आधी सेनापती होता. सिसिलीतले मेसिना शहर बळकावून बसलेल्या भाडोत्री सैनिकांचा पराभव करून इ. स. पू. २६९ च्या सुमारास तो राजा झाला. रोम आणि कार्थेज यांचे पहिले युद्ध पेटल्यावर इ. स. पू. २६३ मध्ये त्याने रोमशी तह केला आणि मरेपर्यंत तो पाळला. शेतकऱ्याने धान्याचा दहावा हिस्सा द्यायचा, ही त्याची करपद्धती इतकी नेमकी होती की पुढे रोमनांनी सिसिलीत तीच चालू ठेवली. इ. स. पू. २१५ मध्ये तो नव्वदी ओलांडून वारला. नातू हिएरॉनिमस गादीवर आला, त्याने रोमची बाजू सोडली आणि वर्षभरातच त्याचा खून झाला. इ. स. पू. २१२ मध्ये रोमनांनी सिराक्यूज घेतले आणि त्या गोंधळात आर्किमिडीज मारला गेला. आमचे नाणे हिएरॉनच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धातले, म्हणजे इ. स. पू. तिसऱ्या शतकातले. तो राजा झाला त्याच सुमारास इकडे पाटलीपुत्रात अशोक गादीवर आला होता. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात त्या काळच्या पाच ग्रीक राजांची नावे आहेत. त्यांत हिएरॉन नाही, पण इजिप्तचा टॉलेमी, म्हणजे लेखातला तुरमाय, हा हिएरॉनचा समकालीन शेजारी आहे.

मग प्रश्न उरला तो महालात हे आले कसे याचा. नाण्यासोबत मामांची खाकी कापडाची थैली आईने जपली होती. तिच्या शिवणीत दुमडलेला एक चौकोनी कागद होता, तो उलगडला तर एक लिऱ्याची नोट. दोस्त राष्ट्रांच्या सैन्याने इटलीत चालवलेले चलन, मालिका १९४३, आणि इटलीत जारी केल्याचे इंग्रजीत छापलेले. भारतीय सैन्याची आठवी डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये दक्षिण इटलीत तारांतो बंदरावर उतरली होती. तारांतो हे स्वतःच प्राचीन ग्रीकांचे तारास नगर. सिसिली आणि इटलीच्या टोकामध्ये मेसिनाची सामुद्रधुनी तेवढी, सर्वांत अरुंद जागी जेमतेम ३ किलोमीटर. फौजेत ट्रक चालवणाऱ्या माझ्या मामांनी त्या मुलखात कुठेतरी त्रिशूळ पाहिला आणि आपल्या आईसाठी, म्हणजे माझ्या आजीसाठी, खिशात टाकला, एवढे मी आता खात्रीने मानतो. मामा लढाईबद्दल कधीच बोलत नसत. ती नोट नसती तर नाणे हिएरॉनचे ठरले असते, पण आमच्या घरापर्यंतचा त्याचा रस्ता कायमचा बुजला असता. म्हणून वाचकांना माझे पहिले सांगणे: नाण्याबरोबरची थैली, डबी, चिठ्ठी, जुने पाकीट काहीही फेकू नका. घरात म्हातारे माणूस असेल तर त्याने सांगितलेले आजच तारीख घालून लिहून ठेवा.

दुसरे सांगणे घासण्याबद्दल. काशावरचा हिरवा-तपकिरी थर ही घाण नव्हे. तो तांब्याचाच ऑक्साइड आणि कार्बोनेट होऊन शेकडो वर्षांत बसलेला असतो, आणि झिजलेल्या अक्षरांचा शेवटचा आकार बरेचदा त्या थरातच टिकून असतो. लिंबू, चिंच, दही, भांडी घासायची पावडर, यांतल्या आम्लाने किंवा खरखरीने तो निघाला की खालचा धातू गुलाबी, खडबडीत दिसतो आणि लेख गेलेला असतो. नाण्यावर फिकट हिरवी भुकटी उगवत असेल तर ती मात्र धोक्याची खूण. धातूत अडकलेल्या क्लोराइडची हवेतल्या ओलाव्याशी क्रिया होऊन नाणे आतून खाल्ले जाते. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे झपाट्याने होते. असे नाणे बाकीच्यांपासून वेगळे काढून सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे आणि संग्रहालयातल्या रसायनतज्ज्ञाला दाखवावे. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटात कोणतेही तांब्याचे नाणे ठेवू नये.

किमतीबद्दल विचारणारे फार असतात म्हणून थोडक्यात. हिएरॉनची त्रिशूळाची नाणी विपुल आहेत. झिजलेल्या नाण्याला बाजारात काही हजार रुपये मिळतात, लाख नव्हे. आमच्यासाठी हा मुद्दाच नाही. पण 'जुने नाणे विका, लखपती व्हा' छापाच्या मजकुराने माणसे नाणी घासतात, अनोळखी माणसाला घरी बोलावतात, आगाऊ 'नोंदणी शुल्क' भरून फसतात. आपल्यासारख्या वर्तमानपत्राने असा आकडा छापण्याआधी तो कोणी सांगितला आणि कशाच्या आधारावर, एवढे तरी विचारावे अशी कळकळीची विनंती आहे.

कायद्याच्या भीतीनेही पुष्कळ नाणी अंधारात राहतात. शेतात, पाया खणताना जमिनीतून निघालेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावाच लागतो, आणि तो कळवण्यातच शोधणाऱ्याचे हित आहे. पिढीजात घरात असलेले नाणे ही वेगळी गोष्ट. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावस्तू ठरते. ते परदेशी पाठवता येत नाही आणि त्याच्या खरेदी-विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. नुसते घरात जपून ठेवणे, कोणाला दाखवणे, त्याची ओळख विचारणे यात भिण्यासारखे काही नाही.

विदर्भाला नाण्यांचे महत्त्व सांगायला नको. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात तऱ्हाळा इथे सातवाहनांच्या पोटीनच्या, म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाच्या, नाण्यांचा मोठा साठा निघाला. नागपूरचेच महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो वाचला आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांच्या याद्यांत नसलेली राजांची नावे इतिहासाला मिळाली. ती नाणी दिसायला आमच्या 'महादेवाच्या पैशा'हून ओबडधोबड. तऱ्हाळ्याच्या गावकऱ्यांनी ती वितळवली असती तर ते राजे आपल्याला माहीतच झाले नसते.

म्हणून आपल्या वर्तमानपत्रामार्फत माझी एक मागणी आहे. नागपुरात १८६३ पासूनचे मध्यवर्ती संग्रहालय आहे, आपला अजब बंगला. विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आहे. नाशिकजवळ अंजनेरीला फक्त नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आहे. या सगळ्यांनी मिळून महिन्यातून एक ठराविक दिवस नागपुरात 'नाणे ओळख' म्हणून ठेवावा. लोकांनी आपले नाणे आणावे, तिथे ते तोलले जावे, मोजले जावे, दोन्ही बाजूंनी छायाचित्र निघावे, आणि नाणे लगेच मालकाच्या हाती परत मिळावे. खरेदी नाही, विक्री नाही, किंमत सांगणे नाही. ओळख पटली तर एका कागदावर लिहून द्यावी, नाही पटली तर नोंद ठेवून पुढे पाठवावी. एक चांगला काटा, एक कॅलिपर, एक भिंग, एक कॅमेरा आणि एक जाणकार माणूस, एवढाच हा खर्च. काटा मी देतो, आणि तो दरवेळी तपासूनही देतो.

आणि शेवटी ज्या कुटुंबाचे नाणे आपण छापले त्यांच्यासाठी. आपण त्यांना कृपया कळवावे की नाणे आता आणखी धुऊ-पुसू नये, तेल लावू नये. खिडकीशेजारी तिरप्या उजेडात, फ्लॅश न मारता, दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत आणि शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवावी. कडेचेही एक चित्र घ्यावे. पुढची बाजू सरळ धरून नाणे वरच्या आणि खालच्या कडेला दोन बोटांत पकडावे, उभ्या अक्षावर फिरवावे आणि मागचे चित्र सरळ येते, उलटे येते की आडवे ते लिहावे. अनेक टांकसाळींत दोन ठशांचा हा कोन ठरलेला असे, त्यामुळे तेही उपयोगी पडते. वजन सराफाकडच्या दोन दशांश स्थळांच्या काट्यावर घ्यावे. अक्षरे ओळखीची नसली तरी दिसतील तशी कागदावर काढावीत, अंदाजाने पुरी करू नयेत. हे सगळे आपल्या कार्यालयात पोचवले तर मी आनंदाने येऊन पाहीन. त्यांना नाणे घराबाहेर न्यायचे नसेल तर माझा काटा घेऊन त्यांच्या घरी येण्याचीही तयारी आहे. माझा पत्ता आपल्याकडे आहे. छापताना मात्र नाव देऊ नये, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त वजनमापे निरीक्षक,
नागपूर